पाठमोऱ्या केसांच्या मागावर

पहिला दिवस : रोम

कॅपिटोलाइन संग्रहालय साडेनऊला उघडतं. आम्ही दोघी नऊलाच टेकडी चढून वरच्या चौकात उभ्या होतो. भाचीला आधी ती प्रसिद्ध ब्राँझची लांडगी बघायची होती. मी म्हटलं, "तू निवांत बघून घे, मी पलीकडच्या इमारतीत सम्राटांच्या दालनात आहे." आणि तडक तिकडे निघाले.

गेली बावीस वर्षं मी नाटकांसाठी केशभूषा करते, विग बांधते. ऐतिहासिक नाटक आलं की टेबलावर जुन्या व्यक्तिचित्रांचे फोटो पसरलेले असतात. फोटोत दिसते ती समोरची बाजू. मागे काय होतं ते कोणी दाखवत नाही, आणि केशभूषेचं निम्म्याहून जास्त काम तर मागेच असतं. गाठ मागे, आकडे मागे, गंगावन जोडल्याची जागा मागे. तेव्हापासून मनात होतं, एकदा ही चित्रं आणि हे अर्धपुतळे जिथे आहेत तिथे जायचं, आणि जमेल तिथे मागे जाऊन बघायचं.

पहिली गाठायची होती ती 'फोन्सेका बस्ट' या नावाने ओळखली जाणारी रोमन स्त्री. ती कोण होती याचा पत्ता नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीला आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला रोममध्ये जी फॅशन होती, ती तिच्या डोक्यावर आहे. कपाळावर कुरळ्या बटांची अर्धगोल भिंत उभी आहे, पोळ्यासारखी. एकेका बटेच्या मधोमध शिल्पकाराने गिरमिटाने खोल भोक पाडलंय. संगमरवर पांढरा, पण भोकांत काळोख साठतो आणि दोन पावलं मागे सरकलं की दगडाचे केस होतात. मी बटा मोजायला लागले आणि तिसऱ्या ओळीत चुकले. पुन्हा मोजल्या नाहीत, कारण तोवर मान वाकडी करून बाजूने बघायला सुरुवात केली होती. मागे ती भिंत एकदम संपते. तिथून बारीक वेण्या सुरू होतात आणि वेटोळं घालून अंबाड्यात जातात. पुढे एवढा थाट आणि मागे शिस्तीत बसवलेल्या वेण्या, जणू दोन वेगवेगळ्या बायकांची डोकी.

हा फरक त्या काळातल्या लोकांनाही खुपला होता. जुव्हेनल या रोमन कवीने लिहिलंय की अशी बाई समोरून अँड्रोमाकी, म्हणजे ट्रॉयच्या कथेतली उंचापुरी राजस्त्री, वाटते, मागून बघाल तर उंची कमी. त्याच कवितेत त्याने केस विंचरणारी गुलाम मुलगीही आणली आहे. एक बट जागेवर बसली नाही म्हणून मालकीण तिला चाबकाने मारते. मला या बाईच्या चेहऱ्यापेक्षा त्या मुलीचीच जास्त आठवण येत राहिली. हे काम करणारीला ऑर्नाट्रिक्स म्हणत. थडग्यांवरच्या शिलालेखांत हा पेशा कोरलेला सापडतो. म्हणजे कुणाला तरी वाटलं होतं की हिची ओळख म्हणून हेच काम लिहावं.

भाची आली. तिने पुतळ्याभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरून विचारलं, "मावशी, हा विगच असणार ना?"

बऱ्याच अभ्यासकांचीही हीच समजूत होती. रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी ज्युलिया डोम्ना हिचे पुतळे बघितले की तसं वाटतंच. जाड, लाटालाटांचे केस डोक्यावर शिरस्त्राणासारखे बसलेले. काही रोमन पुतळ्यांचे केस तर वेगळ्या दगडात कोरून वर बसवलेले असतात. पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॅनेट स्टीफन्स या केशभूषा करणाऱ्या बाईंनी 2001 मध्ये तिथल्या वॉल्टर्स संग्रहालयात ज्युलिया डोम्नाचा पुतळा मागून पाहिला आणि घरी येऊन तो अंबाडा घालून बघायचं ठरवलं. आकड्यांनी तो टिकेना. मग त्यांच्या लक्षात आलं की लॅटिनमधल्या 'आकुस' या शब्दाचं भाषांतर सगळे केसाचा आकडा असं करत आले होते, पण त्याचा साधा अर्थ सुई असाही आहे. वेण्या चक्क सुईदोऱ्याने शिवल्या तर अंबाडा उभा राहतो, त्यासाठी विग लागत नाही. त्यांचा हा शोधनिबंध 2008 मध्ये रोमन पुरातत्त्वाच्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आला. हातात कंगवा धरणाऱ्या माणसाला जे दिसलं ते पुस्तकं वाचणाऱ्यांना दिसलं नव्हतं, याचा मला आजही फार आनंद होतो.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही तेच करून पाहिलं. भाचीचे केस कमरेपर्यंत आहेत. ती खाली जमिनीवर बसली, मी पलंगाच्या कडेला. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई आणि लोकरीचा धागा मी घरून निघतानाच बरोबर घेतला होता. मधोमध भांग पाडला, पुढच्या दोन बाजू सैल सोडल्या, मागच्या केसांच्या पाच वेण्या घातल्या. पहिली वेणी मानेपाशी गोल वळवली, सुई वेणीच्या पोटातून घालून खालच्या केसांखालून काढली आणि धागा ओढला. दोरा दिसत नाही. तो दोन पेडांच्या मधल्या खाचेत गुडुप होतो. दुसऱ्या वेणीला जरा जोर लागला तेव्हा तिचा हात झटकन डोक्याकडे गेला. "मावशी, ओढू नकोस ना."

"अगं, सैल ठेवला तर सकाळी सुटेल."

दीड तास लागला. एकही आकडा न लावता अंबाडा पक्का बसला. ती तशीच झोपली.

दुसरा दिवस : रोम

पालाझो मास्सिमो संग्रहालय. इथला ऑगस्टस सम्राट धर्मगुरूच्या वेशात आहे, डोक्यावरून वस्त्र घेतलेला, त्यामुळे केस म्हणावे तर कपाळावरची झुलपं तेवढी दिसतात. पण तेवढी पुरतात. कपाळावर कुठे बटेला फाटा फुटतो आणि कुठे दोन बटा चिमट्यासारख्या समोरासमोर येतात, यावरून अभ्यासक ऑगस्टसचा पुतळा ओळखतात. चेहरा फुटलेला असला तरी झुलपांवरून ओळख पटते. सम्राटाचं अधिकृत रूप ठरलेलं असे आणि साम्राज्यभर त्याच्या नकला जात, तेव्हा शिल्पकारांनी केसांची मांडणीही हुबेहूब उतरवली.

ऑगस्टसची बहीण ऑक्टेव्हिया आणि पत्नी लिव्हिया यांची पद्धत नोडस नावाने ओळखली जाते. पुढचे केस कपाळावर आणून, उलटे वळवून त्यांचा एक फुगीर गुंडा करायचा, बाकीचे मागे मानेवर छोट्या अंबाड्यात. साधी आणि मला फार आवडलेली. घरातल्या आरशापुढे एकटीला जमेल अशी रोमन केशरचना बहुधा हीच.

हेड्रियनच्या दाढीपाशी थोडा वेळ थांबलो. त्याच्याआधीचे सम्राट गुळगुळीत दाढी करत. हा पहिला पूर्ण दाढी राखणारा, आणि त्याच्यानंतर कित्येक पिढ्या सम्राटांना दाढ्या. एका माणसाने वस्तरा बाजूला ठेवला आणि रोमच्या निम्म्या पुतळ्यांचा चेहरा बदलला.

तिसरा दिवस : फ्लॉरेन्स

आगगाडीत शेजारच्या बाकावरच्या बाई भाचीच्या अंबाड्याकडे वळून वळून बघत होत्या. दोन रात्री झोपून एक केस हलला नव्हता.

उफ्फिझी संग्रहालयात गर्दी बॉत्तिचेल्लीपुढे असते. आम्ही आधी पिएरो देल्ला फ्रांचेस्काकडे गेलो. उर्बिनोचा ड्यूक फेडेरिको दा मोंतेफेल्त्रो आणि त्याची पत्नी बत्तिस्ता स्फोर्झा, समोरासमोर तोंड केलेली दोन व्यक्तिचित्रं, साधारण 1473 ते 1475 मधली. फेडेरिकोचा उजवा डोळा 1450 च्या एका द्वंद्वात गेला होता, म्हणून तो डाव्या बाजूने दिसतो. लाल टोपीखालून काळे कुरळे केस कानावर फुगलेले. त्याच्यावर बरंच लिहिलं जातं. मी बत्तिस्तासाठी आले होते.

तिचं कपाळ बघा. भुवयांपासून वर जात राहतं आणि डोक्याच्या जवळजवळ मध्यावर केस सुरू होतात. त्या काळात उंच कपाळ सुंदर मानलं जायचं, म्हणून पुढचे केस उपटून काढत. एकेक केस. माझ्या हाताखालून हजारो डोकी गेली आहेत आणि कपाळावरचा केस उपटला की डोळ्यात पाणी येतं हे मला माहीत आहे. उरलेले सोनेरी केस पांढऱ्या तलम फितीबरोबर पिळून कानावर चक्राकार बसवलेत. फितीचा ताण कुठे आहे, टोक कुठे खोचलंय हे कळावं इतक्या नेमकेपणाने पिएरोने रंगवलंय. मी ही रचना एका नाटकासाठी दोनदा करून पाहिली होती आणि दोन्ही वेळा फीत घसरली. इथे उभं राहिल्यावर कळलं, मी फीत केसांवरून नेत होते. ती केसांच्या आत पेडासारखी गुंफलेली आहे आणि शेवटचा वेढा तेवढा वरून आहे.

ही चित्रं भिंतीला टेकवलेली नाहीत, मागे जाता येतं. मी अर्थातच गेले. मागे तिचं डोकं असणार नाही हे ठाऊक होतं, तरी गेले. फळ्यांच्या पाठीवर दोन विजयरथ रंगवलेत, त्याच्या रथाला पांढरे घोडे, तिच्या रथाला एकशिंगी. बत्तिस्ता 1472 मध्ये, मुलगा झाल्यावर काही महिन्यांतच वारली, पंचविशीतच. चित्र बहुधा ती गेल्यानंतरचं. चेहऱ्याच्या त्या फिकट रंगाचं कारण बरेच जण तेच सांगतात. मला मात्र ते केस जिवंत हाताने घातलेले वाटत राहिले. पिएरोला ते कुणी दाखवले असतील? तिच्याच दासीने तर नाही?

ब्रॉन्झिनोने रंगवलेली एलेओनोरा, फ्लॉरेन्सच्या ड्यूकची पत्नी, साधारण 1545. मोत्यांची सोनेरी जाळी, केस त्यात बंद. सत्तर वर्षांत कपाळ पुन्हा माणसासारखं झालं होतं.

चौथा दिवस : व्हेनिस

कोर्रेर संग्रहालयात कार्पाच्चोच्या दोन बायका गच्चीवर बसल्या आहेत, साधारण 1490 पासूनच्या. दोघी एकाच दिशेला बघतात, कुणाची तरी वाट बघत असाव्यात तशा. कपाळावर पिंजारलेले सोनेरी कुरळे केस आणि माथ्यावर छोटा गोळा. अनेक वर्षं लोक त्यांना गणिका समजत होते. मग लॉस एंजेलिसमधल्या गेटी संग्रहालयातलं खाजणातल्या शिकारीचं चित्र याच फळीचा वरचा भाग आहे हे सिद्ध झालं. खालच्या कुंडीतला लिलीचा देठ आणि वरच्या चित्रातलं फूल जुळलं. नवरे शिकारीला गेलेत आणि या घरच्या बायका वाट बघतायत.

त्यांचे केस सोनेरी जन्मजात होते की गच्चीवर झालेले, हे सांगता येत नाही. व्हेनिसच्या घरांवर लाकडी गच्च्या असत, आल्ताना म्हणतात त्यांना. तिथे बसून बायका केसांना औषधी पाणी लावून उन्हात वाळवत. डोक्यावर माथा नसलेली, रुंद काठांची टोपी घालायची, माथ्याच्या भोकातून केस वर काढून काठांवर पसरायचे, म्हणजे केसांना ऊन आणि चेहऱ्याला सावली. टोपीचं नाव सोलाना. चित्रकार टिशियनचा नातलग चेझारे वेचेल्लिओ याने 1590 मध्ये पोशाखांच्या पुस्तकात या बाईचं चित्रच दिलंय, काठीला बांधलेला स्पंज केसांवर फिरवताना. टिशियनच्या चित्रांतले ते तांबूस सोनेरी केस या गच्च्यांवरून आले असावेत.

याच शहरातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. जर्मन चित्रकार ड्यूररने रंगवलेले केस बघून व्हेनिसच्या म्हाताऱ्या चित्रकार बेल्लिनीने त्याच्याकडे एक मागणं केलं, ज्या कुंचल्याने केस रंगवतोस त्यातला एक मला दे. ड्यूररने नेहमीचेच कुंचले पुढे केले. बेल्लिनीचा विश्वास बसेना, तेव्हा त्याच्यासमोर साध्या कुंचल्याने बाईच्या केसांची लांब लाटदार बट काढून दाखवली. ड्यूररचा मित्र कामेरारियस याने हे लिहून ठेवलंय.

रात्री भाचीचा अंबाडा सोडला. कात्रीने एक धागा कापला आणि ओढला. सगळ्या वेण्या एकामागून एक खाली आल्या, कुठेही न अडकता. तीन दिवस घट्ट बसलेली गोष्ट एका धाग्यावर होती.

पाचवा दिवस

प्रवासात गेला.

सहावा दिवस : पॅरिस

लूव्रमध्ये काय बघायचं नाही हे ठरवणं जास्त अवघड. इजिप्तच्या फायुम भागातल्या ममींवर बसवलेली ती मेणाच्या रंगातली व्यक्तिचित्रं थोडा वेळ पाहिली. त्यांचा काळ ठरवताना केशरचनेचा मोठा आधार घेतात, कारण नाईल नदीकाठच्या बायकाही रोमच्या राण्यांची फॅशन उचलत. रोममध्ये पाहिलेली बटांची भिंत इथे लहान होऊन एका काळ्याभोर डोळ्यांच्या मुलीच्या कपाळावर भेटली.

मग टिशियन. आरशापुढची स्त्री, साधारण 1515. तिने एका हातात केसांचा झुपका धरलाय, दुसरा हात एका कुपीवर आहे. तिच्यामागे अंधारात एक पुरुष दोन आरसे धरून उभा आहे, छोटा समोर आणि मोठा बहिर्गोल मागे. आरसे अशासाठी की तिला स्वतःचा पाठमोरा अंबाडा दिसावा. मी तिथे बराच वेळ उभी होते. केस झाल्यावर मीही प्रत्येक नटीच्या मागे असाच आरसा धरते, आणि ती समोरच्या आरशात बघत "जरा वर घ्या" म्हणते. पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रात माझ्या कामाचा तेवढा एक क्षण आहे. गंमत अशी की आरशात नीट दिसत काहीच नाही, खिडकीचा उजेड आणि पाठीची काळसर सावली.

व्हॅन डाइकने रंगवलेला इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स शिकारीवरून उतरून उभा आहे, साधारण 1635. डाव्या बाजूचे केस उजवीपेक्षा लांब. ही प्रेमाची बट, हृदयाच्या बाजूला वाढवलेली. त्या काळात दरबारी पुरुष ती मिरवत आणि कर्मठ लोक त्यावरून संतापत.

आणि रिगोचा चौदावा लुई, 1701. चित्र 277 सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे विग डोळ्यासमोर येत नाही, मान वर करून बघावा लागतो. हे चित्र खरं तर स्पेनला, नातवाकडे पाठवायचं होतं. राजाला इतकं आवडलं की ठेवून घेतलं. राजा साठी ओलांडलेला, पायांवर तरुणाची ऐट, आणि डोक्यावर दोन शिखरांचा काळसर विग खांद्यांवरून खाली ओघळतोय. याच्या वडिलांचे, तेराव्या लुईचे केस विशीतच गळायला लागले आणि त्याने विग घातला. राजाने घातला म्हणून दरबाराने घातला. पुढची दीडशे वर्षं युरोपातल्या प्रतिष्ठित पुरुषांची डोकी आतून भादरलेली होती.

भाचीने विचारलं की त्या काळात एवढे कुरळे केस टिकवत कसे, यंत्र नाही, रसायन नाही. मी तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. विकत घेतलेले केस स्वच्छ करून भाजक्या मातीच्या नळ्यांवर घट्ट गुंडाळायचे. नळ्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या, मग कणकेच्या गोळ्यात बंद करून भट्टीत भाजायच्या. कणीक फोडून काढलं की वळण कायमचं. मग ते केस रेशमी दोऱ्यांवर ओळीने विणायचे आणि त्या ओळी जाळीच्या टोपीवर शिवत न्यायच्या, मानेपासून वर. विणण्याची आणि शिवण्याची पद्धत आजही तीच आहे. माझ्या बोटांना ती पाठ आहे.

सातवा दिवस : व्हर्साय

इथे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत तीन रूपांत भेटते. 1775 च्या गोतिए-दागोतीच्या चित्रात उंच केस आणि वर पिसं. त्याच वर्षी मार्चमध्ये तिची आई मारिया तेरेसा हिने व्हिएन्नाहून पत्रात खडसावलं होतं, म्हणे कपाळापासून 36 इंच उंच केस आणि त्यावर पिसं-फिती! या रचनेला पूफ म्हणत. आत कापसा-लोकरीची उशी, तारेचा सांगाडा. त्यावर स्वतःचे केस विंचरून चढवायचे, कमी पडले तर गंगावन, चरबीच्या मलमाने चोपडायचे आणि वर पिठूळ भुकटी. भुकटी स्टार्चची असे. डोकं खाजलं तर लांब काडी. घोडागाडीत उंची मावेना म्हणून बायका खाली गुडघ्यांवर बसून जात. 1778 मध्ये 'बेल पूल' या फ्रेंच लढाऊ जहाजाने इंग्रजांशी झुंज दिली, तर डोक्यावर शिडांसकट जहाज आलं.

हे सगळं हास्यास्पद होतं असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. आतली उशी डोक्याच्या आकाराला बसवणं, तोल साधणं, तो भार दिवसभर पेलेल असं बांधणं, यात केवढं कसब आहे! राणीचा केशभूषाकार लेओनार ओतिए याचं नाव तरी इतिहासात राहिलं.

दुसरं रूप 1783 चं, व्हिजे-लब्रनने रंगवलेली गुलाब धरलेली राणी. उंची खाली आलेली, केस रुंद आणि मऊ. 1781 मध्ये राजपुत्राच्या जन्मानंतर तिचे केस गळायला लागले होते आणि ते कापावे लागले, त्यातून आखूड केसांची फॅशन निघाली. तिसरं 1787 चं, मुलांसोबतचं. रिकामा पाळणा शेजारी आहे.

आणखी एक रूप आहे, पण ते इथे नाही. चित्रकार दाविदने 16 ऑक्टोबर 1793 ला राणीला गिलोटिनकडे नेताना पेनने घाईत काढलेलं रेखाटन लूव्रच्या संग्रहात आहे. कागदावरचं काम उजेडाने खराब होतं म्हणून अशी रेखाटनं सहसा मांडत नाहीत, मी छापील प्रतीतच पाहिलंय. टोपीखालून वेडेवाकडे कापलेले केस बाहेर आलेत. पातं अडू नये म्हणून मानेवरचे केस कापत. ज्या डोक्यावर एवढे हात फिरले त्यावर शेवटचा हात जल्लादाचा.

आठवा दिवस : पॅरिस

पुन्हा लूव्र, दाविदची मादाम रेकामिए. 1800 साली सुरू केलेलं आणि अपुरं राहिलेलं चित्र. आखूड कुरळे केस, एक पट्टी, बस. मान मोकळी. सात वर्षांत केवढा पालट. त्याचं एक टोक रंगभूमीवर आहे, म्हणून मला ते जास्त जवळचं. 1791 मध्ये नट ताल्मा व्हॉल्तेअरच्या 'ब्रूटस' नाटकात टायटसच्या भूमिकेत रोमन पुतळ्यासारखे केस कापून उभा राहिला. त्याआधी रोमन पात्रंही भुकटी लावलेल्या विगात वावरत. काही वर्षांत पुरुष आणि मग बायकाही 'टायटस' कापून घ्यायला लागल्या. कुणा केशभूषाकाराने एका प्रयोगासाठी कात्री चालवली, आणि आपण रोममध्ये पाहिलेली झुलपं अठराशे वर्षांनी पॅरिसच्या रस्त्यावर उतरली.

त्याच 1800 सालचं बेनुआ या चित्रकर्तीचं मॅडलिन. कॅरिबियनमधून आणलेली कृष्णवर्णी स्त्री, डोक्याला पांढरं वस्त्र. केस दिसत नाहीत. वस्त्राची गाठ मात्र इतकी प्रेमाने रंगवली आहे की मी तिलाच केशरचना म्हणते.

नववा दिवस : लंडन

नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत पहिली एलिझाबेथ राणी दोनदा पाहिली. राज्याभिषेकाच्या चित्रात केस मोकळे, खांद्यांवरून खाली, कुमारिकेची खूण म्हणून. मूळ हरवलंय, ही सुमारे 1600 ची नक्कल. दुसरं गेरार्ट्सचं डिचली पोर्ट्रेट, साधारण 1592. राणी इंग्लंडच्या नकाशावर उभी, वय साठीच्या घरात, डोक्यावर तांबूस घट्ट बटा आणि मोती. 1562 मध्ये तिला देवी आल्या होत्या आणि उतारवयात ती विग वापरत असे. एकच रंग, मोकळ्या केसांपासून इथपर्यंत सांभाळलेला. ज्या दासी तिच्या शयनगृहात हे काम करत, त्यांना राणीचं खरं डोकं ठाऊक असणार. त्या बोलल्या नाहीत.

सॅम्युअल पीप्सचं चित्र 1666 चं. सप्टेंबर 1665 मध्ये प्लेग चालू असताना तो रोजनिशीत लिहितो की नवा विग घेऊन बरेच दिवस झाले पण घालायची हिंमत होत नव्हती, केस प्लेगने मेलेल्यांच्या डोक्यावरचे असतील या धास्तीने पुढे कोण विग विकत घेणार. विगाचे केस कुणाचे तरी असतात. हे मला रोज केस हातात घेताना आठवतं.

नेलरने किट-कॅट क्लबच्या सभासदांची चित्रं काढली, चाळीसच्या वर. एकाच आकाराची, सगळ्यांचे विग जवळपास तसेच. त्यात प्रकाशक जेकब टॉन्सन, 1717, विग न घालता कापडी टोपी बांधून बसलाय. भादरलेल्या डोक्याला घरी थंडी वाजे म्हणून असं गुंडाळत. एवढ्या विगवाल्यांत हाच एक घरी असल्यासारखा.

भुकटीचा शेवट करापायी झाला. 1795 मध्ये इंग्लंडात केसांना भुकटी लावणाऱ्यावर वर्षाला एक गिनी कर बसला. धान्य महागलेलं, फ्रान्समध्ये क्रांती झालेली. लोकांनी डोकी धुतली आणि तो रंग गेला तो गेलाच.

दहावा दिवस : लंडन

नॅशनल गॅलरीत सकाळी व्हॅन आइकचं आर्नोल्फिनी जोडपं, 1434. बायकोचे केस दोन शिंगांसारखे बांधून वर पांढरा झालरीचा रुमाल. मागच्या भिंतीवरच्या बहिर्गोल आरशात दोघांची पाठ दिसते! काचेला नाक लागेल इतकं जवळ गेले. पाठमोरी निळी-हिरवी ठिपक्याएवढी आकृती, रुमाल खाली सुटलेला. एवढंच, पण मागची बाजू आहे. जवळच मॅसिसची म्हातारी, साधारण 1513, डोक्यावर शिंगांचं शिरोभूषण. ते तिच्या तरुणपणीचं, तोवर जुनं झालेलं. चित्रकाराला तिची खिल्ली उडवायची होती. मला मात्र ती आवडली. जिच्यात आपण सुंदर दिसलो ती केशरचना सोडवत नाही, हे रोज बघते मी.

दुपारी पाय थकले होते. भाची म्हणाली, "मावशी, एकच राहिलंय, मग बसू." तिने मला देगाच्या चित्रापुढे नेलं. 'केस विंचरताना', साधारण 1896. आधी फक्त लाल दिसतं. भिंत लाल, झगा लाल, केस लाल. बसलेली बाई मागे कललेली, तिचे लांब केस ताणून धरलेले, आणि ते धरणारी उभी आहे. दासी. चेहरा शांत, कामात गढलेला. स्वतःचे केस चापून मागे बांधलेले. एका हाताने मुळांपाशी झुपका पकडलाय, दुसऱ्यात कंगवा. हा पकडण्याचा हात अगदी बरोबर आहे, असं धरलं की ओढ मुळांपर्यंत पोचत नाही. चित्रकार मातीसकडे होतं हे चित्र, 1937 मध्ये गॅलरीने घेतलं.

इतके दिवस मी जिला शोधत होते ती इथे पुढे उभी होती, मालकिणीच्या बरोबरीने, तेवढीच मोठी.

बसलेल्या बाईचा एक हात डोक्यावर गेलाय, जिथे ओढ बसते तिथे. भाचीने नकळत स्वतःच्या मानेवरचा अंबाडा चाचपला.

"बघ, हिलाही दुखतंय," ती म्हणाली.

मी तिच्या केसांतून सुटलेली एक बट आत खोचली आणि आम्ही तिथल्या बाकावर बसलो.